नानांचं इमान

आमच्या जव्हारच्या ऑफिसात ज्या माणसाची रेघ सगळ्यांत सरळ होती, त्या माणसाने कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचं मी फारसं ऐकलं नाही. ते आमचे अनुरेखक होते. म्हणजे इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तोच नकाशा शाईने पुन्हा काढायचा, हे त्यांचं काम. नकाशे संगणकावर निघायला लागले तसं ते काम आटत गेलं. पण पद होतं, म्हणून तेही होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मी तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचं वय चोपन्न, माझं सव्वीस. हुद्द्याने मी वर म्हणून ते मला मॅडम म्हणत आणि वयाने ते वर म्हणून मी त्यांना घाबरत असे.

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या शिपायाला, लहानूला, विचारलं, "नाना कसे आहेत रे माणूस म्हणून?"

लहानू जवळच्याच पोशेरा गावचा. पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. तो म्हणाला, "माणूस चांगला हाय. पन त्यांचा इमान अजून पुरा झाला नाय."

मी नाशिकहून आलेली. मला वाटलं, सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढूनही ज्याचं इमान पुरं झालेलं नाही, त्या माणसापासून चार हात लांब राहिलेलं बरं. महिनाभर मी त्यांच्याकडून आलेला प्रत्येक कागद दोनदा तपासत होते. मग एकदा पोशेऱ्याकडे साइटवर जाताना डोक्यावरून विमान गेलं आणि लहानूने वर बोट केलं, "मॅडम, इमान!" तेव्हा उलगडा झाला. नाना विमान बनवत होते.

ते विमान बघायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेले ती त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, श्रावणातल्या हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून. दोन खोल्यांचं सरकारी घर. बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या आणि आतल्या खोलीत, जिथे एरवी माणसं झोपतात, तिथे टेबलावर विमान झोपलेलं. डकोटा नावाचं हवाई दलातलं जुनं, दोन पंख्यांचं, सैनिक आणि माल नेणारं विमान. एका इंचाला दोन फूट हे प्रमाण. पंख चार फुटांचे, ते वेगळे काढून छताला टांगलेले. धड मासा उभा चिरावा तसं दोन अर्धुकांत, पोट उघडं टाकून पडलेलं. तेव्हा त्याला पंधरा वर्षं झाली होती. आमच्या खात्याच्या मानाने काम वेळेवर चाललं होतं म्हणायचं.

बाहेरून बघितलं तर त्यात विशेष काही नव्हतं. जे होतं ते सगळं आत. थंड पेयाच्या डब्यांच्या पत्र्याच्या भिंती, आणि त्यांवर हातघड्याळातलं दातेरी चाक फिरवून उठवलेले रिव्हेट, एकेका रांगेत शेकड्यांनी. सांगाडा बांबूचा, कामट्या लहानूने काढून दिलेल्या, सुतळीच्या जाडीच्या. नळ्या म्हणून इंजेक्शनच्या सुया कापलेल्या. सीटचे पट्टे म्हणजे फायली बांधायची लाल फीत, तिचे धागे सोडवून, चहाच्या पाण्यात उकळून खाकी केलेले. खिडक्यांच्या काचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या. सोड्याच्या पाण्यात धुतल्या की त्या स्वच्छ होतात. एकीवर मात्र काकूंच्या गुडघ्याची पुसट सावली राहिली होती. ती नानांनी फेकली नाही. शेवटच्या सीटला दिली.

"हे सगळं आत आहे," मी म्हटलं, "मग धड जोडल्यावर दिसणार कसं?"

"नाही दिसणार."

"मग?"

"मॅडम, दिसत नाही म्हणून नसावं का?" असं म्हणून त्यांनी मला भिंगातून वैमानिकासमोरच्या फळीवरची घड्याळं दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढं एकेक. प्रत्येकात काटा. प्रत्येक काटा वेगळ्या आकड्यावर. विमान उभं असेल तर काटे कुठे असतात आणि उडत असेल तर कुठे, याचा विचार करण्यात त्यांचा एक अख्खा उन्हाळा गेला होता. शेवटी विमान उभं आहे, असं ठरलं.

डकोटाच का, हे विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. साहेबांना सांगितलं होतं, छंद आहे. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, मुलासाठी करतोय. मुलगा तोवर पुण्यात नोकरीला लागून त्याचं लग्नही झालं होतं. मला म्हणाले, "ट्रेसिंगच्या परीक्षेला डकोटाचं ड्रॉइंग आलं होतं. पन्नासपैकी एकोणपन्नास पडले."

"एक मार्क कशाचा गेला?"

"ते सरांनी सांगितलं नाही," आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. काकूंच्या मते हे कारणही खरं नव्हतं, पण त्यातल्या त्यात जवळचं होतं.

आणि हा माणूस उभ्या जन्मात विमानात बसला नव्हता. मुलाने एकदा दिल्लीचं तिकीट काढून देतो म्हटलं. नाना म्हणाले, "नको. आतून सगळं झाकलेलं असतं. काही दिसत नाही."

मी गेले त्या पावसाळ्यात संडासाचं काम चालू होतं. विमानातल्या. विमानाच्या शेपटीकडे एक कोंदट कोनाडा असतो, त्याला दार असतं आणि दाराला कडी. ती कडी खरी सरकली पाहिजे असा नानांचा हट्ट. घोंगावणाऱ्या पावसात आणि बुरशी धरलेल्या भिंतींत बसून ते तीन महिने मोहरीएवढ्या कडीला कानशीने घासत होते. त्याच घरातल्या खऱ्या संडासाची कडी चार वर्षांपूर्वी तुटली होती. आत जाणाऱ्याने गाणं म्हणत राहायचं, अशी घरची रीत. हळदीकुंकवाच्या दिवशी मला काकूंनी हे कानात सांगितलं आणि मी शाळेतली एक प्रार्थना म्हटली.

"मी म्हटलं त्यांना," काकू म्हणाल्या, "तुमचं झालं की उरलेल्या तारेची एक कडी आपल्याला करा. तर म्हणतात, आपल्याला प्रमाण वेगळं लागेल."

काकू त्या विमानाला पसारा म्हणत. पण धूळ बसू नये म्हणून रोज त्यावर धुतलेलं पातळ पसरत आणि रोज काढत, हे मी पाहिलेलं आहे.

मला तिथे दोन वर्षं होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. वावर गावाकडच्या एका पाझर तलावाचा जुना नकाशा नानांनी नव्याने काढून दिला होता. मी सही करायला घेतला आणि थांबले. चौकटीची रेघ हलली होती. अगदी किंचित. दुसऱ्या कुणाच्या नकाशात मला ती दिसलीही नसती. नानांच्या नकाशात ती ठिगळासारखी दिसली.

"पेन खराब आहे," ते म्हणाले.

मी नाशिकहून नवीन पेन आणून दिलं. पुढच्या नकाशात पुन्हा तेच. मी संगणकावर चौकट काढून घेतली आणि सही केली. मग एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, उभेच राहिले, आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडम, मला सीमारेषांचे नकाशे देऊ नका. कंटूर द्या. डोंगर वाकडेच असतात."

कंटूर म्हणजे डोंगराचा चढ-उतार दाखवणाऱ्या वळणदार रेघा. मी बरं म्हटलं. पुढचं वर्षभर आमच्या उपविभागातले झाडून सगळे डोंगर नानांनी काढले आणि कुणालाही काही कळलं नाही.

घरी मात्र डोंगर नव्हते. तिथे वैमानिकांच्या आणि मागच्या सैनिकांच्या सीटच्या पट्ट्यांच्या निम्म्या बकला राहिल्या होत्या, केसाएवढ्या तारेच्या. बाकी सगळं झालं होतं. बकला झाल्या की धड बंद करायचं, असं ते कधीपासून म्हणत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, त्यानंतर क्वार्टर सोडून नाशिकला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं होतं. मी विचारलं की म्हणायचे, पाहिजे तशी तार मिळत नाही.

काकू एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तार मिळत नाही असं काही नाही गं. हात मिळत नाही." नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि थरथर हळूहळू वाढत जाईल, एवढं सांगितलं होतं. नाना रोज संध्याकाळी टेबलापाशी बसत, चिमट्यात तार धरत, तार हलताना बघत आणि चिमटा खाली ठेवत. मग पातळ पांघरून ठेवत. हे काम आता काकूंचं राहिलं नव्हतं.

याच सुमारास मला खोडाळ्यात मेजर सापडले. बाजाराच्या टोकाला त्यांची पिठाची गिरणी होती. पंचाहत्तरीच्या आसपासचे, ताठ, मिशीवर नागलीचं पीठ. ते हवाई दलात विमानाच्या सांगाड्याचे मेकॅनिक होते. हवाई दलात मेजर नसतो हे त्यांनी खोडाळ्याला अनेकदा सांगून पाहिलं होतं. खोडाळ्याने ते त्यांच्या विनयात जमा केलं. मी सहज विचारलं, कुठल्या विमानावर होता? ते म्हणाले, "डकोटा. सोळा वर्षं."

पुढच्या आठवड्यात माझी त्या बाजूला साइट होती. नाना विमानाचं डावं अर्धुक गोधडीत गुंडाळून जीपमध्ये माझ्याशेजारी बसले. मोखाड्याच्या घाटात प्रत्येक वळणाला ते ड्रायव्हरला म्हणत, "सावकाश. आत माणसं आहेत." माणसं बनवलेली नव्हती. फक्त सीटच होत्या.

मेजरांनी गिरणी बंद केली, हात धुतले, चष्मा पुसला आणि विजेरी घेऊन त्या अर्धुकावर वाकले. वीस मिनिटं तसेच होते. मध्येच एकदा त्यांनी करंगळी आत घालून कुठल्यातरी नळीला हलकेच हात लावला आणि झटका बसल्यासारखी मागे घेतली. नानांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

"सब सही है," मेजर शेवटी म्हणाले. "नळ्या, तारा, रिव्हेट, सगळं बरोबर. मी इतकी वर्षं आत वावरलो, मला एक चूक सापडत नाही."

नानांनी श्वास सोडला.

"पण हे आमचं विमान नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यात कुणी बसलेलंच नाही हो! हे कारखान्यातून काल निघालेलं विमान आहे. असं विमान मी एकही दिवस पाहिलं नाही. दाराच्या उंबऱ्यावर आमचा रंग गेलेला असायचा, हजारो बुटांनी. जमिनीला पोचे. डोंगरातल्या लष्कराच्या चौक्यांना वरून तेलाची पिंपं टाकायचो, ती दारापर्यंत लोटत नेताना गडगडायची. एकदा बकऱ्या नेल्या होत्या, त्यांनी कोपरा खाल्ला होता. आणि हे संडासाचं दार..." ते हसायला लागले. "काय सुंदर कडी केलीय! आमची कधीच लागली नाही. सुतळी बांधायचो. आत जाणारा सुतळी धरून बसायचा."

नानांनी गोधडी जवळ ओढली.

"आणि पट्ट्यांना बकला कुठल्या शोधता? निम्म्या तुटलेल्याच होत्या. गाठ मारून बसायची पोरं."

परतताना घाटात नानांनी ड्रायव्हरला एकदाही सावकाश म्हटलं नाही. जव्हार दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "चूक नाही म्हणाले ना ते?"

"नाही म्हणाले."

"मग काय म्हणाले?"

मी ड्रायव्हरला गाडी त्यांच्या क्वार्टरकडे घ्यायला सांगितलं.

तीन आठवडे त्यांनी टेबलाला हात लावला नाही. ऑफिसात फक्त डोंगर काढत राहिले. मला वाटलं, मी एका माणसाचं उरलंसुरलं समाधान जीपमध्ये घालून खोडाळ्याला नेऊन मोडून आणलं. मग एका शनिवारी काकूंनी बोलावणं पाठवलं. मी गेले तर नाना टेबलावर ओणवे होते. हातात मोडकं ब्लेड. विमानाच्या दाराच्या उंबऱ्यावर त्यांनी ते टेकवलं होतं आणि हात सोडून दिला होता. नुसता सोडून. हात थरथरत होता आणि दर थरथरीला रंगावर एक चरा उठत होता. कधी लांब, कधी आखूड, कधी दोन एकमेकांवर. बुटांनी रंग जावा तसा तो जात होता. पंधरा-अठरा वर्षांच्या सरळ रेघांत इतकं जिवंत काही मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "हे मला आधी जमलं नसतं."

मग पोचे आले. तेलाचे डाग आले. मेजरांना फोन करून बकऱ्यांनी नेमका कुठला कोपरा खाल्ला, याची खात्री करून घेण्यात आली. मेजरांना आठवेना, तर नानांनी त्यांना दोन दिवसांची मुदत दिली. संडासाच्या त्या सुंदर कडीला सुतळीचा एक धागा बांधला गेला, ते बघून काकू म्हणाल्या, "म्हणजे वायुसेनेतही आपल्यासारखंच!" आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

पट्ट्यांच्या गाठी मात्र थरथरत्या हाताने मारता येईनात. नाना दोन दिवस काकूंच्या आजूबाजूला घुटमळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू गजरे करतेस ना?" काकूंनी चष्मा लावला, सुईच्या टोकाने चौदा गाठी मारल्या आणि मला म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पसाऱ्यात बोलावलं. तेही गाठी मारायला."

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी धड बंद केलं. दुपारची वेळ होती. लहानू आला होता, मेजर खोडाळ्याहून एसटीने आले होते, मी होते. नानांनी विजेरी प्रत्येकाच्या हातात दिली, प्रत्येकाला आत बघायला लावलं. मेजरांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. विजेरी परत देताना ते नानांना एवढंच म्हणाले, "आता बसता येईल." मग नाना एकटे वाकले. किती वेळ वाकले होते ते सांगता येणार नाही. काकू चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि चहा न ठेवताच परत आल्या.

सरस लावला. लहानूने दोन्ही अर्धुकं धरली, नानांनी सायकलच्या ट्यूबचे कापलेले पट्टे त्यावर ओढून बसवले. कट्ट असा बारीक आवाज आला.

लहानू म्हणाला, "नाना, आता आतला कसा दिसल?"

"नाही दिसणार."

"मंग येवढा केला कशाला?"

"तुझ्या पोटात आतडं आहे ना? दिसतं का कुणाला?"

लहानूने यावर बराच विचार केला, आणि पोटावरून हात फिरवला.

निरोप समारंभाला वरच्या कार्यालयातले मोठे साहेब आले होते. हार झाले, शाल झाली, नारळ झाला. नानांच्या कार्यक्षमतेवर, जिची कुणाला फारशी गरज उरली नव्हती, तीन भाषणं झाली. कुणाच्या तरी आग्रहाने विमान टेबलावर मांडलं होतं, पंख लावून, चंदेरी, दिमाखदार. पोरीबाळींनी त्याच्यासोबत फोटो काढले. एका कारकुनाने रिमोट कुठे आहे म्हणून विचारलं. भजी आली तेव्हा साहेब बशी घेऊन विमानापाशी आले.

"छान आहे. ऑनलाइन मागवलं?"

"घरी केलं साहेब," नाना म्हणाले.

"वा! किती दिवस लागले?"

"लागले थोडे."

साहेबांनी वाकून एका खिडकीला डोळा लावला. आत अंधार होता. त्यांनी पंखावर बोटाने टकटक केलं. "आतून काही केलंय का?"

माझ्या शेजारी मेजर उभे होते. त्यांचा भज्याचा घास तोंडापाशी थांबला. काकूंनी मान वर केली. मी सांगायला पुढे झालेच होते, तेवढ्यात नाना म्हणाले,

"नाही साहेब. पोकळ आहे."

"अच्छा," असं म्हणून साहेब चटणीकडे वळले.

मी इतकी चिडले होते की समारंभ संपेपर्यंत नानांच्या नजरेला नजर दिली नाही. सगळे पांगल्यावर ऑफिसच्या पायऱ्यांवर त्यांना गाठलं. शाल काखेत, नारळ पिशवीत, आणि विमान दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. हात थरथरत होते, त्यामुळे पंखांची टोकं बारीक हलत होती.

"एकोणीस वर्षं, नाना," मी म्हटलं. "आणि पोकळ?"

"हो म्हटलं असतं, तर उघडून दाखवा म्हणाले असते."

"म्हणू देत. मग तुम्ही नाही म्हणायचं होतं!"

त्यांनी विमान छातीशी आणखी जवळ घेतलं.

"नाही म्हणणं मला जमलं नसतं, मॅडम," ते म्हणाले. "साहेबांनी एकदा उघडा म्हटलं असतं ना, तर मी लगेच उघडलं असतं."